गाडी ठेवावी की परत द्यावी?

नवी मोटार घेतल्यावर कंपनीच म्हणाली, 'आमचं चुकलं, पैसे परत घ्या', तर? अमेरिकेत २००३ साली माझदाच्या 'आरएक्स-८' या स्पोर्ट्‌स कारबाबत हेच झालं. जाहिरातीत २४७ अश्वशक्ती, प्रत्यक्षात २३८. गाडी परत करा, नाहीतर ठेवा आणि वॉरंटीपुरती मोफत सर्व्हिसिंग व ५०० डॉलर घ्या, असा देकार होता.

नऊ अश्वशक्ती रस्त्यावर कुणाला जाणवणार? मी इंजिन बघेन. ते पिस्टनचं नव्हे, त्रिकोणी रोटरचं. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून ते थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. पेट्रोलही भरपूर पितं. पट्ट्या झिजल्या की इंजिनच उघडावं लागतं. वॉरंटी आहे तोवर विकणार असेन, तर ठेवीन. दहा वर्षं वापरायची असेल, तर चेक घेऊन मोकळा होईन. पेट्रोल भरताना बॉनेट उघडून ऑइल तपासायची हौस असेल, तर गोष्ट वेगळी!