युद्धखेळातील मशीनगनची मांडणी व मारा : मोर्लो आणि सेनिओ येथील लढायांच्या संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स ही पलटण संस्थानाच्या १९४९ मधील विलीनीकरणानंतर मराठा लाईट इन्फन्ट्रीचा भाग बनली. या रेजिमेंटच्या लढायांकडे आपल्याकडे प्रामुख्याने शौर्यकथा म्हणून पाहिले जाते. त्या लढाया कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या शस्त्रासमोर झाल्या, याचा विचार तुलनेने कमी होतो. हा विचार करण्याचे एक साधन म्हणजे युद्धखेळ अर्थात वॉरगेम होय. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये नकाशा, सोंगट्या आणि फासे यांच्या साहाय्याने असा खेळ नियमबद्ध केला व तो सैनिकी शिक्षणात रूढ झाला. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील मशीनगन अशा खेळात कशी मांडली व चालविली जाते याचे विवेचन दोन मराठा सैनिकांच्या इटलीतील पराक्रमांच्या संदर्भात केले आहे.

शस्त्र आणि जमीन

जर्मन एम.जी. ४२ ही मशीनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्यांच्या वेगाने मारा करीत असे. या आकड्यावरून ती मिनिटात शेकडो माणसे मारत असावी असा समज होतो. तो चुकीचा आहे. नळी तापते व वारंवार बदलावी लागते, काडतुसांचे पट्टे वाहून आणावे लागतात, त्यामुळे मारा लहान लहान फैरींनीच करावा लागतो. मशीनगनचे खरे कार्य जमीन बंद करणे हे आहे. तिच्या गोळ्या लांबट, अरुंद पट्ट्यात पडतात. शत्रूची रांग समोरून आली तर हा पट्टा रांगेला एखाद्याच ठिकाणी छेदतो. तोच मारा बाजूने केला तर संपूर्ण रांग पट्ट्यात सापडते. म्हणून नवखा खेळाडू मशीनगन आघाडीच्या मध्यभागी ठेवतो, तर जाणता खेळाडू ती बगलेला, किंचित मागे आणि दुसऱ्या मशीनगनच्या माऱ्याला छेद जाईल अशी ठेवतो. उंच जागेवरून दूरचे दिसते हे खरे. परंतु वरून येणाऱ्या गोळ्या जमिनीत घुसतात आणि पट्टा आखूड होतो.

खेळातील नियम

जॉन हिल यांचा स्क्वॉड लीडर हा खेळ १९७७ मध्ये अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल या संस्थेने प्रकाशित केला. त्याची विस्तारित आवृत्ती १९८५ मध्ये आली. तीत नकाशावरील एक षट्कोन म्हणजे सुमारे ४० मीटर आणि एक पाळी म्हणजे सुमारे दोन मिनिटे. जर्मन हलक्या मशीनगनची मारकशक्ती ३ व पल्ला ८ षट्कोन, तर तिपाईवरील जड मशीनगनची मारकशक्ती ७ व पल्ला १६ षट्कोन धरला आहे. १६ षट्कोन म्हणजे अवघे ६४० मीटर. प्रत्यक्ष शस्त्राची गोळी याच्या कितीतरी पुढे जाते. येथे पल्ला म्हणजे मारा पूर्ण परिणामकारक राहतो ते अंतर.

बुद्धिबळात आपली खेळी चालू असताना प्रतिस्पर्ध्याचे मोहरे गप्प असते. या खेळात मात्र शत्रू पुढे सरकत असतानाच मशीनगन बोलू लागते. जड मशीनगनच्या बाबतीत दोन फाशांपैकी रंगीत फाशावर ३ किंवा त्याहून कमी पडल्यास तिला पुन्हा मारा करता येतो. म्हणजे निम्म्या वेळा तिला दुसरी संधी मिळते. शिवाय झालेल्या माऱ्याची निम्मी शक्ती त्या षट्कोनात त्या पाळीपुरती शिल्लक राहते व मागून तेथे शिरणाऱ्यालाही ती भोवते. बंद झालेल्या जमिनीचे याहून नेमके चित्रण दुर्मीळ आहे. खेळाडूची खरी कसोटी मारा केव्हा सुरू करावा यात लागते. पहिल्या दोघांवर गोळी झाडली तर मागचे सावध होतात. फार थांबले तर ते हातगोळ्याच्या टप्प्यात येतात. दोन्ही फाशांवर ६ पडले, म्हणजे बेरीज १२ झाली, तर मशीनगन अडकते. ही शक्यता ३६ मध्ये १ एवढी आहे.

मोर्लो, १० जुलै १९४४

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांची रायफल तुकडी अत्यंत जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते वगळता सर्व जण ठार वा जखमी झाले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण एकटाच मशीनगनवर धावून गेला. त्यांनी हातगोळा टाकून मशीनगन व ती चालविणाऱ्यास निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपले आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले.

हा प्रसंग खेळात मांडल्यास पहिला भाग सहज साधतो. लगतच्या षट्कोनावर मारकशक्ती दुप्पट होते, उघडी जमीन त्यात भर घालते आणि तुकडी कोसळते. शेवटचा भागही नियमांत बसतो, कारण हातघाईत मशीनगनची शक्ती धरलीच जात नाही. स्नायपरसुद्धा खेळात आहे. अडचण येते ती मधल्या काही पावलांची. खेळात मनोधैर्याच्या कसोटीत दोन्ही फाशांवर १ पडल्यास पुढील फाशांवरून सैनिक वीर ठरू शकतो. परंतु त्याच फाशांनी तो उन्मत्तही होऊ शकतो किंवा शत्रूला शरणही जाऊ शकतो. दोन एक्के पडण्याची शक्यताही ३६ मध्ये १ आहे, म्हणजे मशीनगन अडकण्याइतकीच. रचनाकाराने यंत्राचा बिघाड आणि माणसाचे असामान्यत्व एकाच मापाने मोजले आहे. हिशेब म्हणून ते चालेल. घाडगे यांच्या कृतीचे स्पष्टीकरण म्हणून ते अपुरे आहे.

सेनिओ, ९ एप्रिल १९४५

सेनिओ नदीच्या पूरबांधांवर खोदलेल्या जर्मन मशीनगनचा मारा पात्रावरच होता. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. संगमनेर तालुक्यातील निमजचे हे जवान दोन जखमींना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी घेऊन आले. मग परतून त्यांनी एकट्याने तीन मशीनगन ठाणी शांत केली. हाताला गोळी लागल्यावर त्यांनी टॉमीगन टाकून दिली आणि हातगोळ्यांवर काम भागविले.

युद्धखेळाचा खरा उपयोग येथे दिसतो. तिन्ही ठाणी नकाशावर मांडून प्रत्येकीचे माऱ्याचे पट्टे पात्रावर आखले, की पाण्यात उतरलेल्या कंपनीला पुढेही जाता येत नव्हते आणि मागेही, हे डोळ्यांना दिसते. एक ठाणे उचलल्यावर त्याचा पट्टा मोकळा होतो, तरी दुसऱ्याचा छेद कायम राहतो. तिसरे उचलल्यावरच पात्र उघडते. जाधव बांधाच्या माथ्यावर चढले, त्यांनी मराठ्यांचा युद्धघोष केला आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडण्याची खूण केली.