टपाल हशील ही कमाई नव्हे
घरातून माल पाठविणाऱ्या व्यापारी व कारागिरांसाठी चोख हिशेबाची पद्धत

पूर्वी मराठी मासिकांतील जाहिरातींत किमतीखाली एक ओळ हमखास असे : ‘टपाल हशील वेगळे’. आज जाहिरात मोबाईलवर आली, पैसे यूपीआयने येऊ लागले, पण ती ओळ काही गेली नाही. तिचे नाव फक्त बदलले. कोणी ‘डिलिव्हरी चार्ज’ म्हणतो, कोणी ‘पॅकिंग-कुरिअर एक्स्ट्रा’. गिऱ्हाईक नाराज होते तेही बहुधा याच ओळीवरून. मालाच्या किमतीवर घासाघीस करून ते राजी होते. पण पाकिटावर साठ रुपयांचा आकार आणि आपल्याकडून घेतले दीडशे, हे पाकीट हातात पडल्यावर दिसले की ते पुन्हा त्या विक्रेत्याकडे फिरकत नाही.

नाशिकच्या इंदिरानगरात, शेजारच्या वडाळागावात किंवा वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आसपास घरातूनच माल विकणे आता नवलाचे राहिलेले नाही. शिवलेले कपडे, कशिदा केलेले दुपट्टे, अत्तर, मसाले, खाद्यपदार्थ, हातकामाच्या वस्तू असे बरेच काही मोबाईलवरील फोटो पाहून विकले जाते. गाळ्याचे भाडे आणि पागडी ज्याला परवडत नाही, त्या कारागिराला ही मोठी सोय आहे. पण एका नगामागे सुटणारा नफा शंभर-सव्वाशे रुपयांचा असेल, तर टपालखर्चात पन्नास रुपयांची चूक म्हणजे अर्धी कमाई गेली. म्हणून हा खर्च किती घ्यावा, याचा विचार प्रत्येकाने शांतपणे कागद-पेन्सिल घेऊन केला पाहिजे.

नियम थोडक्यात सांगता येतो. जेवढा खर्च येतो तेवढाच घ्या, तो पुरा घ्या, आणि ऑर्डर घेण्याआधी सांगून घ्या.

दोन्हीकडून चूक

काही विक्रेते मालाची किंमत कमी दाखवितात आणि टपालखर्चात वसूल करतात. ही युक्ती जुनी आहे आणि साऱ्या जगात होऊन गेली आहे. ईबे या अमेरिकी बाजारपेठेत पूर्वी विक्रेत्याकडून दलाली घेतली जाई ती फक्त वस्तूच्या किमतीवर. तेव्हा नाममात्र किमतीची वस्तू आणि तिच्यावर भरमसाट टपालखर्च, असा प्रकार सुरू झाला. दलालीही वाचे आणि यादीत वस्तूही स्वस्त दिसे. अखेर २०११ साली ईबेने अमेरिकेत टपालखर्चासकट एकूण रकमेवर दलाली आकारायला सुरुवात केली. काही विक्रेत्यांच्या हुशारीचा भुर्दंड खरा खर्च घेणाऱ्या सर्वांनाच पडला.

उलट बाजूची चूक आपल्या कारागिरांत जास्त दिसते. ‘गिऱ्हाईक तुटेल’ या भीतीने ते अंदाजे पन्नास-साठ रुपये सांगतात आणि उरलेला खर्च मुकाट्याने सोसतात. समजा, एका भगिनीने नऊशे रुपयांचा कशिद्याचा दुपट्टा विकला. उदाहरणादाखल तिचा खर्च असा धरू : खोका १८ रुपये, आतला कागद व बबल रॅप ७, चिकटपट्टी व पत्त्याची चिठ्ठी ५. कुरिअरचा दर ७० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२ रुपये ६० पैसे. एकूण झाले ११२ रुपये ६० पैसे. तिने घेतले ६०. एका पाकिटामागे ५२ रुपये ६० पैसे पदरचे गेले. महिन्याला तीस पाकिटे गेली तर १,५७८ रुपये. ही रक्कम कुठे गेली हे तिला कळतही नाही, कारण ती कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. तिने ११३ रुपये सांगावेत. दीडशे सांगू नयेत आणि साठही सांगू नयेत.

या हिशेबात जीएसटीची ओळ पुष्कळजण विसरतात. स्पीड पोस्ट असो की खासगी कुरिअर, दरावर कर वेगळा लागतो. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला तो परत मिळत नाही. त्याच्यासाठी तो सरळ खर्चच आहे.

वजन काट्यावर आणि वजन खोक्याचे

टपालखर्चात सर्वांत मोठी गफलत होते ती वजनाची. माल पाठविणारा मालाचे वजन करतो, तर कुरिअरवाला बांधलेल्या खोक्याचे. शिवाय तो खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतो आणि बहुधा ५,००० ने भागतो. येणारा आकडा म्हणजे किलोतले ‘आकारमानाचे वजन’. काट्यावरचे वजन आणि हे वजन, यांत जे जास्त असेल त्यावर आकार लागतो. भागण्याचा आकडा काही कंपन्यांचा वेगळा असतो. तो आधी विचारून घ्यावा.

नाशिक जिल्ह्यातले तीन माल घेऊन हे पाहू.

पहिला, नाशिकचा चिवडा. वजनाला हलका, पण जागा फार खातो. एक किलो चिवडा घरात पडलेल्या ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातला, तर गुणाकार १५,०००, म्हणजे तीन किलोचे पैसे. तोच चिवडा २५ बाय २० बाय १४ च्या बेताच्या खोक्यात बसविला, तर गुणाकार ७,०००, म्हणजे १.४ किलो. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पण निम्म्याहून जास्त वजन वाचले. नवा खोका विकत घ्यावा लागला तरी तो स्वस्त पडतो.

दुसरा, तांब्याची भांडी. कळशी जड असते आणि वर पोकळही. अडीच किलोची कळशी ३५ बाय ३५ बाय ४० च्या खोक्यात गेली तर हिशेब ९.८ किलोचा होतो. अशा मालाला ‘सरसकट शंभर रुपये’ सांगणारा बुडतोच. गिऱ्हाइकाने सोबत पेले किंवा फुलपात्री मागितली असतील, तर ती कागदात गुंडाळून कळशीच्या पोटातच बसवावीत. त्यांचा वेगळा टपालखर्च लावू नये, कारण खोका वाढलेलाच नाही.

तिसरा, येवल्याची पैठणी. घडी सपाट, वजन थोडे, पण किंमत हजारांत. इथे प्रश्न वजनाचा नसून जोखमीचा आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा असते, आणि ती मालाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणून विमा उतरवावा आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाला सांगून घ्यावा. यात गैर काही नाही. पण विम्याच्या नावाने पैसे घ्यायचे आणि विमा उतरवायचाच नाही, ही उघड फसवणूक आहे.

वजनाचे टप्पे बहुधा अर्ध्या किलोचे असतात. ५१० ग्रॅमचे पाकीट पुढच्या टप्प्यात जाते. तेव्हा घरात एक छोटा डिजिटल काटा आणि मोजपट्टी ठेवावी. माल बांधून झाल्यावर वजन करावे आणि मगच आकडा सांगावा.

एकाच खोक्यात दोन वस्तू

वरच्या दुपट्ट्याच्या उदाहरणात एका गिऱ्हाइकाने दोन दुपट्टे घेतले असे समजा. खोका अंमळ मोठा, बांधणीचा खर्च ३३ रुपये, कुरिअर ९० आणि कर १६ रुपये २० पैसे. एकूण १३९ रुपये २० पैसे. प्रत्येक नगाला ११३ लावले तर घेतले २२६, म्हणजे ८६ रुपये ८० पैसे जादा. गिऱ्हाईक हे लगेच ओळखते. दोन वस्तूंना एकदाच खर्च लावा. आधी जास्त घेतले गेले असतील तर फरक आपणहून परत पाठवा. यूपीआयने पैसे परत करायला मिनिटही लागत नाही, आणि त्या मिनिटाने कायमचे गिऱ्हाईक जोडले जाते.

आपल्या श्रमाचे काय, असेही विचारले जाते. बांधणीला वेळ जातो, पोस्टापर्यंत जाण्यायेण्यात पेट्रोल जाते. हा मोबदला घेणे रास्त आहे. पण तो मालाच्या किमतीत धरावा किंवा ‘हाताळणी खर्च’ म्हणून वेगळा दाखवावा. टपालखर्चात लपवू नये. माप-तोलात घट करणाऱ्यांना इशारा देणारी सूरह मुतफ्फिफीन आपल्या वाचकांना परिचयाची आहे. टपालखर्चाचा आकडा हेही एक मापच आहे.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवर माल ठेवणाऱ्या विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते आणि तिची फोडही द्यायची असते. त्या फोडीत पोहोचविण्याचा खर्च, टपाल व हाताळणी आकार आणि कर हे सारे आले. माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर तो परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. अशा वेळी परतीच्या टपालाचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. घरातील जुने शिलाई मशीन एकदाच विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. मात्र नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्याने ‘मी तर घरून विकतो’ ही सबब सांगू नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरण्याच्या वेळी एकेक खर्च वाढवत नेणे, ही त्यांतील एक क्लृप्ती आहे. अशा तक्रारींसाठी ग्राहकांना १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक उपलब्ध आहे.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालाबरोबर बांधणी व वाहतुकीचा खर्च आपणच आकारला, तर साधारणपणे तो मालाच्या मूल्यात धरला जातो आणि मालाचाच करदर त्याला लागतो. हजाराचा माल आणि शंभर टपालखर्च असेल, तर कर अकराशेवर. शंका असल्यास आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

‘फुकट पोहोच’ आणि ‘माल मिळाल्यावर पैसे’

मोठ्या कंपन्या फुकट पोहोच देतात, मग आपणही द्यावी काय? फुकट काहीच नसते. खर्च किमतीत मिसळलेला असतो. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात हलक्या पत्राला अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर सुरू झाला. त्याआधी अंतराप्रमाणे आकार होता. एकच दर चालला, कारण जवळची आणि लांबची पत्रे प्रचंड संख्येने होती आणि सरासरी जमत होती. महिन्याला तीस पाकिटे पाठविणाऱ्याची सरासरी जमत नाही. चार पाकिटे गुवाहाटी-श्रीनगरला गेली की हिशेब कोलमडतो. शिवाय जो ग्राहक बोगद्यापलीकडून येऊन माल घरून घेऊन जातो, त्याने गुवाहाटीचा खर्च का सोसावा? त्यापेक्षा तीन दर ठेवावेत : नाशिक शहर, महाराष्ट्र आणि इतर राज्ये. स्वतः येऊन नेणाऱ्याला टपालखर्च शून्य.

‘माल मिळाल्यावर पैसे’ हीही नवी गोष्ट नाही. आपल्या टपाल खात्याने व्ही. पी. १८७७ मध्ये सुरू केली. गिऱ्हाइकाने व्ही. पी. सोडवली नाही तर पाकीट परत येई, आणि नुकसान पाठविणाऱ्याचे होई. आजही तसेच आहे. कित्येकदा जाण्याचा आणि परतीचा असे दोन्ही खर्च अंगावर पडतात. हा तोटा इतर प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या टपालखर्चात वाटून टाकणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा टपालखर्चाची रक्कम तेवढी आगाऊ घ्यावी आणि मालाचे पैसे पोहोचल्यावर.

दर पाहून घ्या

भिंतीवर चिकटविलेले जुने दरपत्रक काढून टाकावे. स्पीड पोस्टचे कागदपत्रांसाठीचे दर ऑक्टोबर २०१२ नंतर थेट १ ऑक्टोबर २०२५ रोजी बदलले. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. मालाच्या पार्सलचे दर कागदपत्रांपेक्षा वेगळे असतात, हेही विसरू नये. पुस्तके विकणाऱ्यांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके त्यातून जातात. अशी सोय असताना पुस्तकाच्या ग्राहकाकडून कुरिअरचा दर घेणे योग्य नाही. घाई असेल तर दोन्ही दर सांगून निवड त्याच्यावर सोडावी.

शेवटी एक साधी सवय. माल रवाना झाला की पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. त्यावर पाकिटाचा क्रमांकही असतो आणि भरलेली रक्कमही. ज्याला हा फोटो पाठवताना संकोच वाटत नाही, त्याचा टपालखर्च रास्त आहे असे खुशाल समजावे. धंद्यात बरकत येते ती अशाच चोख व्यवहाराने.