आठ आण्यांचा हिशेब

"आठ आणे फरक आहे गं," सिडकोतल्या क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना मावशी म्हणाली. एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर. सहावं सिटिंग नुकतंच झालं होतं. मावशीचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघ्यांची झीज आणि ऑपरेशनला ठाम नकार. आणे चलनातून जाऊन किती वर्षं झाली, तरी दुखण्याचा हिशेब आपल्याकडे अजून आण्यांतच होतो. चार आणे, आठ आणे, फार तर बारा आणे. मावशीचे आठ आणे खरे होते. महिन्यापूर्वी याच पायऱ्यांवर ती दोनदा थांबली होती, आज एकदाही नाही. पण या आठ आण्यांतले सुईचे किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला.

आत काय चालतं ते मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून पाहिलं होतं. सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची आणि भरीव, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नव्हे. ती प्लास्टिकच्या बारीक नळीतून येते. डॉक्टर वरून टिचकी मारतात आणि नळी काढून घेतात. गुडघा वाकवला की वाटीखाली दोन्ही बाजूंना जे खळगे दिसतात, तिथे दोन सुया. त्या खळग्यांचं चिनी नाव 'शीयान', म्हणजे गुडघ्याचे डोळे. आणखी एक सुई चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. डॉक्टरांनी ती चिमटीत धरून हलकेच फिरवली तशी मावशी म्हणाली, "आता जड जड वाटतंय, मुंग्या आल्यासारखं." सुई योग्य जागी लागल्याची ही खूण मानतात. मग सुयांना चिमटे लावून छोटं यंत्र सुरू झालं आणि पोटरी तालात उडू लागली. पुढची वीस मिनिटं डॉक्टर तिच्याशी बोलत होते. झोप लागते का, खाली बसता येतं का, भाजी आणायला कोण जातं. हे बोलणं इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढच्या हिशेबात ते येणार आहे.

आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पण ते शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणं हे त्यांचं काम. सुईचं शास्त्र भारतात आणलं ते त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ते शिकून आले आणि पुढे आपल्या सहकाऱ्याच्या नावाने त्यांनी काम उभं केलं. म्हणून कोटणीसांचं नाव आणि सुई अशी एकत्र जोडली गेली. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातही इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ अ‍ॅक्युपंक्चर सायन्स ही संस्था आहे. महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र अ‍ॅक्युपंक्चर कायदा केला, आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती असल्याचं मान्य केलं. सुई कोणी टोचावी हे कायद्याने ठरतं. टोचल्याने काय होतं, ते मात्र रुग्णांकडूनच कळायला हवं, आणि तेही नीट मोजून.

मोजायची गरज काय, माणूस सांगतोय ना बरं वाटतंय म्हणून? गरज आहे, कारण दुखणं स्वतःच वरखाली होत असतं. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून असतात, आणि कंबरदुखी अगदी शिगेला पोचली की मगच कुणीतरी त्यांना दवाखान्यात नेतं. तोवर वेचणी संपत आलेली असते. त्या आठवड्यात बिब्बा घाला, गोळी द्या, सुई टोचा किंवा काहीच करू नका, पुढच्या महिन्यात थोडं बरं वाटणारच. श्रेय मात्र शेवटी जे केलं त्याला मिळतं. म्हणून संशोधक चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडतात आणि शेजारी एक गट बिनसुईचा ठेवतात. एवढ्यानेही भागत नाही. सुई टोचून घेतल्याचं समाधान वेगळं आणि सुईचा गुण वेगळा, हे ओळखायला खोटी सुई लागते. १९९८ मध्ये जर्मनीत अशी एक सुई तयार झाली. तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती मुठीत सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. रुग्णाला वाटतं टोचली, पण कातडीच्या आत ती जातच नाही. काही अभ्यासांत खरीच सुई वापरतात, पण अगदी वरवर आणि मुद्दाम चुकीच्या जागी.

या कामात जर्मनी सगळ्यात पुढे गेला. विम्यातून अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी तिथल्या आरोग्य विमा कंपन्यांनी मोठे अभ्यास घडवून आणले. कंबरदुखीच्या अभ्यासात ११६२ रुग्ण होते, सरासरी आठ वर्षं कंबर धरून बसलेले. एका गटाला शास्त्राप्रमाणे खरं अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला औषधं, व्यायाम आणि फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा खऱ्या सुईच्या गटात ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला होता. खोट्या सुईच्या गटात ४४.२ टक्के. आणि औषध-व्यायामाच्या गटात अवघे २७.४ टक्के. गुडघ्यांच्या अभ्यासातही तसंच झालं: खरी सुई ५३.१, खोटी ५१, नेहमीचे उपचार २९.१.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ कागद तसाच हातात धरून बसले. सुईवाले म्हणतील, बघा, गोळ्यांच्या जवळपास पावणेदोनपट आराम. सुईविरोधक म्हणतील, बघा, कुठेही टोचा, सारखंच. दोघांचंही खरं आहे. जर्मनीने २००६ मध्ये ठरवलं की रुग्णाला आराम पडतो आहे, तेव्हा जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी पैसे द्यायचे.

आता मावशीचे आठ आणे. कंबर, मान, खांदा, गुडघे आणि डोकेदुखीवरच्या चांगल्या दर्जाच्या २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी एकत्र केली. निष्कर्ष समजावा म्हणून त्यांनी एक उदाहरण दिलं. समजा, शंभरच्या पट्टीवर दुखणं साठ होतं. सुई न घेणाऱ्यांचं ते त्रेचाळीसवर येईल, खोटी सुई घेणाऱ्यांचं पस्तीसवर, खरी घेणाऱ्यांचं तीसवर. साठाचे तीस म्हणजे बरोबर आठ आणे! मी पेन घेऊन पुढचा हिशेब मांडला. आठांपैकी साडेचार आणे सुई नसतीच तरी मिळाले असते, काळाने आणि चालू उपचारांनी. दोन आण्यांहून थोडे जास्त खोट्या सुईनेही मिळाले असते. योग्य जागी, योग्य खोलीवर टोचलेल्या सुईचा स्वतःचा वाटा एक आणा आणि वर थोडी चिल्लर, म्हणजे जेमतेम सव्वा आणा.

सव्वा आणा थोडा असला तरी शून्य नव्हे. २०१८ मध्ये हाच अभ्यास ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्णांपर्यंत वाढवला तेव्हाही तो वाटा टिकला, आणि मिळालेल्या फायद्यात वर्षभरानंतर साधारण १५ टक्केच घट दिसली. उलट बाजूचे पुरावेही आहेत. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये २८२ जणांच्या गुडघ्यांवर झालेल्या चाचणीत सुई बनावट लेसरपेक्षा सरस ठरली नाही. आणि पूर्वेकडच्या अभ्यासांबाबत सावध राहावं लागतं: १९९८ च्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली होती. कोणताही उपचार इतका अचूक नसतो.

खोट्या सुईचे दोन आणे मला सगळ्यात मोलाचे वाटतात. ते येतात कुठून? २००८ मध्ये अमेरिकेत टेड कॅपचक यांनी आतड्याच्या जुनाट विकाराच्या २६२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात खरी सुई मोजलीच नाही. एका गटाला नुसतं थांबवून ठेवलं, दुसऱ्याला मोजक्या शब्दांत खोटी सुई दिली. तिसऱ्यालाही तीच खोटी सुई, पण आधी बसवून, विचारपूस करून, आपुलकीने. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे होते अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. मला आठवली ती डॉक्टरांच्या गप्पांची वीस मिनिटं. गुडघ्याच्या रुग्णाला इतका वेळ आपल्याकडे दुसरं कोण देतं? गर्दीच्या ओपीडीत एक्स-रे उजेडाकडे धरून होईपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो. सुईच्या निमित्ताने मिळणारा हा वेळ, हा स्पर्श, ही चौकशी बिनसुईची का मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

सरकारांनाही हा गुंता सुटलेला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुईची शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा विचार करा म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या मेडिकेअर विम्याने २०२० मध्ये जो नियम केला तो मला आपल्या घरांसाठीही उपयोगी वाटतो: जुनाट कंबरदुखीला ९० दिवसांत १२ सिटिंग, फरक दिसला तर आणखी ८, नाही दिसला तर बंद. पन्नास सिटिंगचं पॅकेज आगाऊ विकणारा भेटला तर हे लक्षात असू द्या.

आणि हे सगळं फक्त वेदनेबद्दल. मायग्रेनलाही बऱ्यापैकी आधार आहे. मधुमेह, बहिरेपणा, दमा बरा करतो असं पाटीवर लिहिलेलं दिसलं तर तसा भरवशाचा पुरावा नाही. मधुमेहाची गोळी सुईच्या भरवशावर कुणीही बंद करू नये. सुई जाणत्या हाताची असेल तर धोका कमी असतो. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या दोन पाहण्यांत मिळून ६६ हजारांवर सिटिंगमध्ये एकही गंभीर इजा नोंदली गेली नाही. तरी छातीवर-पाठीवर खोल गेलेली सुई फुफ्फुसाला लागू शकते. सुई दर वेळी नव्या सीलबंद पाकिटातली हवी आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला हवी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर असतील तर ते आधी सांगा.

माझं मागणं वेगळंच आहे. घाटी रुग्णालय इथे आहे, सुई शिकवणारी संस्था इथे आहे, आणि खुरपणी-वेचणीने झिजलेले गुडघे तर मराठवाड्यात घरोघरी आहेत. आयसीएमआरच्या संस्थेत चालणारी क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून खुली आहे. चाचणी सुरू करण्याआधीच काय मोजणार ते तिथे लिहून ठेवायचं, म्हणजे निकाल मागाहून फिरवता येत नाही. मांडी घालून बसणाऱ्या, उखिडवं बसून काम करणाऱ्या बाईच्या गुडघ्याला सुईचे किती आणे, हे जर्मन माणसाच्या गुडघ्यावरून कळणार नाही. ते इथेच मोजायला हवं.

मावशीने मोजायला सुरुवात केलीसुद्धा. मी हिशेब समजावला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग रोजचं लिहून ठेवू का?" आता तिच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी रोजचे आणे लिहिलेले असतात. सिटिंग संपून पाच आठवडे झाले. काल तिचा फोन आला, म्हणाली सहा आणे. पण सकाळी जिना चढून गच्चीवर पापड वाळत घातले होते, आणि संध्याकाळी उतरवायलाही तीच गेली.