घरातला समुद्र आणि श्रावकाचे घर

काचेच्या पेटीतील रंगीत मासे आपल्या परिचयाचे आहेत. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा एखाद्या पेढीच्या दर्शनी भागात ते दिसतातच. पण ते बहुधा गोड्या पाण्यातले असतात. खाऱ्या पाण्याचे, प्रवाळांसह सजवलेले मत्स्यालय ही निराळी गोष्ट आहे. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. तो घरी आणण्याचा हट्ट मुलाने धरला, तर श्रावकाच्या घराने काय करावे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, या छंदात माशांपेक्षा पाणीच अधिक सांभाळावे लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीसाठी साडेतीन किलो, आणि तेही स्वयंपाकघरातले मीठ नव्हे, तर समुद्रातील क्षारांच्या प्रमाणात बनवलेले मिश्रण. हवेत उडून जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढायची. उष्णता २५ ते २६ अंशांच्या आसपास राखायची. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र लागते, आणि वीज गेली की पाण्यातला प्राणवायू घटू लागतो.

याहून महत्त्वाचा आहे तो सुरुवातीचा काळ. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी त्यासाठी एखादा काटक मासा आधीच पाण्यात सोडत. तो जगला तर जगला. आज बाटलीतला अमोनिया घालून हेच काम एकाही माशाला न पोळता होते. हे सहा आठवडे मासे आणण्याची वाट पाहणे ज्याला जमत नाही, त्याने पेटी आणूच नये.

आता प्रवाळ. पोवळ्याच्या रूपाने ते नवरत्नांत बसले, आणि आपल्या आगमांतील पृथ्वीकायाच्या यादीतही प्रवाळाचे नाव आहे. जीवशास्त्र त्याला प्राण्यांची वसाहत म्हणते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते. पाणी नेहमीच्या कमाल उष्णतेहून अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरेफटक होतात. १९९८ साली लक्षद्वीपने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले. भारतात २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा कोणी ‘किनाऱ्यावर सापडलेला तुकडा’ म्हणून आपल्याला ते देऊ केले, तर हात जोडून नकार द्यावा.

माशांचा विचार करताना अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मला आठवतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गोठ्यातल्या जनावरांना लावून आपण ते शिकलो. काचेच्या पेटीला लावून क्वचितच पाहतो. मँडरिन नावाचा अतिशय देखणा मासा घ्या. तो मुख्यतः कोपेपॉडसारखे सूक्ष्म जिवंत जीव टिपून खातो. लहान, नव्या पेटीत ते थोड्याच दिवसांत संपतात, आणि मालक रोज दाणे टाकत असतानाही मासा हळूहळू उपासमारीने मरतो. हा अन्नपाननिरोधच. निळा टँग समुद्रात वीतभराहून मोठा होतो; त्याला दोन हात लांबीच्या पेटीत कोंडणे हा बंध नव्हे तर काय?

बंधाची सुरुवात अनेकदा पेटीच्या पुष्कळ आधी होते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळांच्या फटींत सायनाइडचे द्रावण फवारून मासे गुंगवून पकडले जाऊ लागले. त्यात मासे मरतात, प्रवाळही मरतात. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांजवळचा कार्डिनल मासा या व्यापारामुळेच संकटात आला आणि २००७ साली धोक्यातील जातींच्या यादीत गेला. या माशाचा नर अंडी तोंडात सांभाळतो व तेवढे दिवस अन्न घेत नाही. क्लाउनफिशची पैदास मात्र मत्स्यबीज केंद्रांत होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती साधली आहे. केंद्रात जन्मलेल्या माशाने समुद्र पाहिलेलाच नसतो. नीट निगा राखली तर तो वीस वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचा हट्ट तो तिशीत पोहोचेपर्यंत घराला निभवावा लागेल!

परदेशातील एखाद्या कुटुंबाने एवढे सगळे पाळले, केंद्रातलाच मासा आणि कलमे करून वाढवलेले प्रवाळ घेतले, तरी एक गोष्ट उरते. माशाच्या खाद्याच्या डबीवरील घटकांची यादी वाचावी. तीत मासळीची भुकटी असते, कोळंबी असते. पंचेंद्रिय जीव पाळायचा आणि त्याच्यासाठी रोज दुसऱ्या जीवांचे चूर्ण विकत आणायचे, यातून सुटका होईल असे मला दिसत नाही. माझ्या मते ही पेटी आपल्या घरात नसावी.

मुलाचे कुतूहल मात्र मारू नये. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात प्रवाळ आहेत. पावसाळा सरून पाणी निवळले की त्याला तिथे न्यावे, जाणकाराच्या सोबतीने पाण्यात उतरवावे. फक्त निघण्यापूर्वी सांगून ठेवावे: मासळीला पाव टाकायचा नाही, आणि दमलास तरी खाली दिसणाऱ्या खडकावर पाय टेकवायचा नाही.