शय्याव्रण : दुष्काळपीडितांच्या शुश्रूषेविषयीं

दुष्काळांत मनुष्य केवळ भुकेनेंच मरतो, असें नाहीं. सन १८९६-९७ व सन १८९९-१९०० या दोन दुष्काळांत नागपूर ज्याची राजधानी होतें त्या मध्यप्रांतांत पटकी, हगवण व ताप यांनीं असंख्य बळी घेतले. अशा दुखण्यांतून वांचलेल्या, परंतु उठण्याचें त्राण न उरलेल्या रोग्यास आणखी एक शत्रु गांठतो. तो म्हणजे शय्याव्रण, अर्थात् एकाच अंगावर पडून राहिल्यानें होणारी जखम.

हाड व अंथरूण यांमध्यें त्वचा चेपली म्हणजे तेथील रक्ताभिसरण थांबतें. सशक्त मनुष्याचें मांस व चरबी हीं गादीचें काम करितात, व तो झोंपेंतहि कूस पालटतो. उपासमारीनें ही गादी झिजते व कूस पालटण्याची शक्तीहि जाते. म्हणून माकडहाड, खुबे व टांचा हीं स्थानें प्रथम बिघडतात.

हीं स्थानें रोज उजेडांत तपासावीं. लाल डाग बोटानें दाबला असतां फिका न झाल्यास ती पहिली पायरी समजावी. सांवळ्या त्वचेवर लाली दिसत नाहीं. तेथें ऊनपणा, कठीणपणा किंवा वेदना हीच खूण होय. दुसऱ्या पायरींत साल निघते वा फोड येतो. तिसरींत जखम चरबीपर्यंत व चौथींत स्नायु किंवा हाडापर्यंत पोंचते.

साधारणतः दर दोन तासांनीं कूस पालटावी. रोग्यास ओढूं नये. दोघांनीं चादरीसकट उचलावें. पोटऱ्यांखालीं उशी देऊन टांचा अधांतरीं ठेवाव्या. लाल जागा चोळूं नये. खालीं वाटोळी चुंबळहि ठेवूं नये. जखम उकळून निवविलेल्या पाण्यानें धुऊन स्वच्छ पट्टीनें झांकावी. राख, शेण वा स्पिरिट लावूं नये. दुर्गंधि, पू, ताप किंवा काळें पडलेलें मांस दिसतांच नागपुरांतील मेयो अथवा मेडिकल रुग्णालयांत न्यावें.

तथापि अन्नावांचून कोणतीहि जखम भरत नाहीं. नवें मांस डाळ, दूध व अंडीं यांतूनच घडतें. मात्र दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास एकदम पोटभर जेवूं घालणें प्राणघातक ठरूं शकतें. वैद्यकीय सल्ल्यानें आहार हळूहळू वाढवावा.

यास्तव दात्यांनीं डाळ, दुधाची भुकटी व धुतलेल्या सुती चादरी पाठवाव्या, अशी नम्र विनंति आहे. ज्यांस द्रव्य देणें शक्य नाहीं, त्यांनीं रात्रीची एक पाळी द्यावी. कारण दर दोन तासांनीं रोग्याची कूस पालटण्यास पैसा लागत नाहीं, जागे हात लागतात.