कार्ड खिशात, थेरपिस्ट कुठाय?

डिस्चार्जच्या दिवशी आम्ही जाम खूश होतो. ७२ वर्षांच्या बाबांना स्ट्रोक आला, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये काढले आणि बिल निघालं चक्क आयुष्मान कार्डावर! सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांनाच, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड मिळू लागलं. म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी बाबा शर्ट घालायला बसले. उजव्या हाताला बटण काही सापडेना. बराच वेळ झटापट केली आणि मग शर्ट तसाच उघडा टाकून खिडकीत जाऊन बसले. कुणाशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी पेपरवर लिहिलं होतं, 'ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा.' म्हणजे फिजिओच ना? नाही! ढोबळमानाने सांगायचं तर फिजिओ हातापायाची ताकद आणि हालचाल परत आणतो. ओटी त्याच हाताला बटण लावायला, घास घ्यायला, सही करायला पुन्हा शिकवतो. आणि स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे, सुधारणा तेव्हाच सर्वांत वेगाने होते.

मग लंच टाइममध्ये माझी फोनाफोनी सुरू. 'आयुष्मान कार्ड चालेल?' पलीकडून एकच उत्तर, 'नाही मॅडम, कॅश किंवा यूपीआय.' एका सेशनचे ८०० रुपये. महिन्याचा हिशेब केला आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

कार्डाचं गणित

गोची अशी, की आयुष्मान वर्षाला ५ लाखांपर्यंत खर्च उचलतं, पण तो अॅडमिट झालेल्या पेशंटचा. डिस्चार्जनंतरचे जास्तीत जास्त १५ दिवस त्यात येतात. ओपीडी येत नाही. आणि ओटी म्हणजे आठवडेच्या आठवडे चालणारी ओपीडी! म्हणजे क्लिनिकवाले खोटं बोलत नव्हते. माझा प्रश्नच चुकला होता.

'कार्ड कोण घेतं?' याऐवजी 'कार्ड लागतच नाही, असं ठिकाण कुठलं?' असं विचारायला हवं होतं. उत्तर परळला होतं. केईएममध्ये कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं स्कूल सुरू केलं. तिथे आजही ओटीचा स्वतंत्र विभाग आहे. सायन आणि नायरमध्येही आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, नागपूरकरांसाठी मेडिकल कॉलेज आहे.

आम्ही केस पेपर काढला, रांगेत बसलो. रांग मोठी, हाफ डे गेलाच. पण कार्ड कुणी मागितलं नाही. थेरपिस्ट मुलीने बाबांसमोर कपड्यांचे चिमटे ठेवले. 'काका, घाई नाही. एकेक उचला.' बाबा चिडले, घामाघूम झाले, पण उठले नाहीत.

हे लक्षात ठेवा!

• तुमचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयसी कापला जात असेल, तर त्यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची ओपीडीही येते. सुरुवात डिस्पेन्सरीपासून करा. रेफरल नसेल तर बाहेरचं बिल अडकू शकतं.

• घरात ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं कुणी असेल, तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना बघा. १ लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीचाही समावेश आहे. बिलं जपून ठेवा.

• डिस्चार्ज घेण्याआधीच विचारा, 'ओटी इथे मिळेल का? १५ दिवसांत काय काय बसतं?' आम्ही हे विचारलं नाही.

• प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर बी.ओ.टीएच. डिग्री आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तपासा.

आता आठवड्यातून दोन सकाळी परळ, बाकीचे दिवस घरी चिमटे. बॉसला खरं काय ते सांगून टाकलं, त्या दोन दिवशी मी उशिरा जाते.

काल बाबांनी तीन बटणं स्वतः लावली. चौथं आई लावायला गेली तर तिचा हात बाजूला केला.