उभी गाडी का तापते?

बदलापूरच्या कात्रपहून निघालेली गाडी अंबरनाथपर्यंत अगदी शहाण्यासारखी येते. तापमानाचा काटा मधोमध, एसी थंडगार. मग उल्हासनगरचा फर्निचर बाजार लागतो. पुढे सोफ्याने भरलेला टेम्पो, दोन्ही बाजूंना रिक्षा, सगळं ठप्प. काटा हळूहळू वर सरकतो आणि लाल पट्टीला टेकतो. धावताना थंड असलेली गाडी उभी राहिली की तापते, हे उफराटंच म्हणायचं. काम कमी, तर उष्णता जास्त का?

जास्त नसते, पण तिची बाहेर जायची वाट बंद झालेली असते. आणि मुळात ती अगदीच थोडीही नसते. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन नुसतं उभ्या उभ्या मिनिटाला 800 फेरे घेतं, म्हणजे बॉनेटखाली दर सेकंदाला जवळपास 27 वेळा पेट्रोल पेटतं. पेटलेल्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंशांच्या पलीकडे जातं आणि वरचं हेड असतं ॲल्युमिनियमचं, जो धातू 660 अंशांनाच वितळतो! ते वितळत नाही, कारण त्या जाळापासून काही मिलिमीटरवर कूलंट खेळत असतं. इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता ते उचलून नेतं. लहान गाडी नुसती उभी राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळते, त्या हिशोबाने कूलंटमध्ये दीड-दोन किलोवॉट उष्णता ओतली जाते. म्हणजे कोंडी सुटेपर्यंत बॉनेटखाली न्हाणीघरातला गिझर सतत चालू, आणि पाणी मात्र तेच ते चार-पाच लिटर.

ही उष्णता रेडिएटरच्या जाळीतून हवेत जाते. गाडी पळत असेल तर समोरचा वारा फुकट मिळतो, उभी राहिली की तो पंख्याने आणावा लागतो. उष्णता घालवायची अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन गेल्या, तेव्हा पाण्याची वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजला 8,070 बारीक चौकोनी नळ्यांची जाळी बसवली, प्रत्येक नळी 6 मिलिमीटरची. पाण्याची गरज 18 लिटरवरून 9 लिटरवर आली. आणि जाळीमागे त्यांनी एक पंखा लावला, खास मंद वेगासाठी. हे साल 1900-01. उल्हासनगर वसायला अजून जवळपास अर्धं शतक होतं, पण तिथल्या कोंडीवरचा उपाय तयार होता.

म्हणूनच जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘उभी असताना तापते की पळताना?’ अर्धं निदान इथेच होतं. कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. उलट चिखलोलीच्या मोकळ्या पट्ट्यात वेग वाढवला की तापते, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्हीकडे तापते, तर कूलंट कमी असेल, वॉटर पंप गेला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल.

पंख्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. एसीवर फिरतो, पण काटा चढला तरी फिरत नाही? मग मोटर ठीक आहे, तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. कशानेच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मोटर सर्वांत शेवटी. गाडी कधी उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली असेल तर कनेक्टर उघडून बघाच, पिनांवर हिरवट थर सापडतो. आणि पंखा फिरत असूनही तापते तेव्हा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. धूळ, वाळलेला चिखल, किडे यांचा लगदा तिथे बसलेला असतो आणि समोरून तो दिसतच नाही.

रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ते आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त ठेवतं, म्हणून 100 अंशांना उकळणारं पाणी 120 पर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर सैल झालं की दुसरा काही बिघाड नसताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात. कूलंटऐवजी बोअरवेलचं जड पाणी भरत राहिलात तर नळ्यांत क्षार बसतात, ती वेगळीच कटकट.

मला सर्वांत नवल वाटतं ते थर्मोस्टॅटचं. त्यात ना वायर, ना बॅटरी. इवल्याशा धातूच्या कपात मेण असतं, ते 80-90 अंशांच्या दरम्यान वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. गार झालं की स्प्रिंग वाट बंद करते. वर्षानुवर्षं, हजारो वेळा. ‘आपल्याकडे गरमीच आहे, काढून टाकू’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो मानू नका. इंजिन नीट तापलंच नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनाची झीजही वाढते.

काटा लाल पट्टीकडे निघाला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, काचा खाली घ्या. हीटर हा गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. घाम फुटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता निघून जाईल. तरीही काटा चढला तर कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी उसळून थेट तोंडावर येतं. ‘थोडंच राहिलंय, कल्याणपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटलीत तर हेड वाकतं, गॅसकेट उडते, आणि काही शेकड्यांच्या रिलेचं काम हजारोंच्या घरात जातं.